रडारला दिसलेलं विमान

२८ मे हा सोव्हिएत संघात सीमारक्षकांचा दिवस. १९८७ साली त्याच दिवशी, संध्याकाळी सात वाजायच्या सुमारास, मॉस्कोच्या लाल चौकावर एक छोटं पांढरं विमान घिरट्या घालू लागलं. चौकात माणसं होती, त्यामुळे वैमानिकाला तिथे उतरता येईना. त्याने शेजारचा मॉस्क्वा नदीवरचा रुंद पूल हेरला, मोटारींच्या रांगेत विमान टेकवलं आणि तसंच चालवत आणून सेंट बॅसिल चर्चच्या रंगीत घुमटांपाशी उभं केलं. लोक जमले. मुलगा म्हणाला, जर्मनीहून आलोय. त्यांना वाटलं, पूर्व जर्मनीहून, म्हणजे आपल्याच गोटातून. तो आला होता पश्चिम जर्मनीहून. नाव माथिआस रुस्ट. एकोणीस वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस बाकी, आणि गाठीशी जेमतेम पन्नास तासांच्या उड्डाणाचा अनुभव.

विमान होतं सेसना १७२, उड्डाण क्लबांत शिकाऊ मुलं वापरतात ते. त्याने ते भाड्याने घेतलं होतं आणि मागची आसनं काढून तिथे इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. दुपारी हेलसिंकीहून निघताना त्याने स्टॉकहोमला जातो असं सांगितलं आणि थोड्याच वेळात पूर्वेकडे वळण घेतलं. फिनलंडच्या नियंत्रकांना वाटलं, पोरगं समुद्रात पडलं. त्यांनी शोधपथकं पाठवली. तोवर तो एस्टोनियाचा किनारा ओलांडून त्या काळी जगात सर्वांत घट्ट समजल्या जाणाऱ्या आकाशात शिरला होता.

किती घट्ट, तेही सांगायला हवं. सोव्हिएत सैन्यात भूदल, हवाई दल आणि नौदलाखेरीज हवाई संरक्षणाचं वेगळं सेनादल होतं. त्याला स्वतःचा सरसेनापती, स्वतःची हजाराहून अधिक लढाऊ विमानं, हजारो क्षेपणास्त्र प्रक्षेपक आणि देशभर पसरलेली रडारं होती. उत्पन्नाचा प्रचंड वाटा संरक्षणावर घालणारा तो देश. त्या सगळ्यातून ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर वेगाने एक मुलगा कित्येक तास उडत राहिला आणि थेट राजधानीच्या काळजात उतरला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक वाक्य जोडतात: रडारला तो दिसलाच नाही. मीही कित्येक वर्षं तसंच धरून चाललो होतो. खरी हकीकत कळली तेव्हा मी थक्क झालो. रडारला तो दिसला होता. किनाऱ्यावरच दिसला होता.

रडार म्हणजे हाक मारून तिचा प्रतिध्वनी ऐकणं. रेडिओलहरींची हाक प्रकाशाच्या वेगाने जाते. शंभर किलोमीटरवरच्या विमानाला स्पर्श करून ती सेकंदाच्या दीडहजाराव्या भागात परत येते. पण जाताना ती पसरते, आणि अंतर दुप्पट झालं की जोर चौपट घटतो. विमानावर आपटून परत येताना ती पुन्हा पसरते, पुन्हा तितकीच क्षीण होते. चार गुणिले चार, सोळा. म्हणून बाकी सगळं तसंच ठेवून रडारची नजर दुप्पट लांब करायची, तर शक्ती सोळा पट लावावी लागते. तिप्पट करायची तर एक्क्याऐंशी पट. संरक्षण खर्चाबद्दलचे वाद ऐकताना मला हे गणित नेहमी आठवतं. पैसे ओतत गेलं तरी नजर कासवाच्या चालीनेच लांबते, आणि याला कुणाचा भ्रष्टाचार किंवा नालायकी कारणीभूत नसते. अवकाशाची घडणच तशी आहे.

शिवाय पृथ्वी गोल आहे. दहा मीटर उंच खांबावरच्या रडारला दहा किलोमीटर उंचीवरचं प्रवासी विमान चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकतं. तेच विमान शंभर मीटर उंचीवरून आलं, तर पंचावन्न किलोमीटरच्या आत येईपर्यंत ते पृथ्वीच्या कुशीआड राहतं. मधे डोंगर असेल तर आणखी कमी. म्हणून खालून उडणाऱ्याला पकडायचं तर रडारांची माळ ओवावी लागते, नाहीतर रडारच विमानावर चढवून आकाशात न्यावं लागतं.

तिसरी अडचण मला सर्वांत विलक्षण वाटते. रडारला गरजेपेक्षा फार जास्त दिसतं. झाडं, डोंगर, लाटा, पाऊस, पक्ष्यांचे थवे, महामार्गावरचे ट्रक, सगळ्यांचे प्रतिध्वनी येतात. पडद्यावर ते सगळं दाखवलं तर माणसाला काहीच उमगणार नाही. यातून वाट काढायला मदत होते ती फलाटावर आपण सगळ्यांनी अनुभवलेल्या गोष्टीची. गाडी जवळ येताना शिट्टीचा स्वर चढा लागतो, दूर जाताना उतरतो. रेडिओलहरींचंही तसंच होतं. परत आलेल्या लहरीचा स्वर किती बदलला यावरून वस्तूचा वेग कळतो. मग रडारला सांगून ठेवतात की अमुक वेगापेक्षा हळू जे असेल ते गाळून टाक. चहा गाळावा तसं. गाळणी बारीक ठेवली तर पडदा पक्ष्यांनी भरतो, मोठी ठेवली तर संथ विमानही निसटतं. गाळणीचं भोक किती ठेवायचं, हे कुठल्याही अर्थसंकल्पात लिहिलेलं नसतं. आपल्याला शत्रू कसा असेल असं वाटतं, त्यावर ते ठरतं. शीतयुद्धात तो वेगवान असेल असंच सगळे धरून चालले होते.

तरीही रुस्ट गाळणीत अडकला. पडद्यावर ठिपका उमटला, ओळख विचारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही, क्षेपणास्त्र तुकड्या सज्ज झाल्या. त्यांनी परवानगी मागितली. ती आली नाही. मिग-२३ लढाऊ विमानं वर गेली. एका वैमानिकाने ढगांच्या फटीतून पाहून कळवलं की पांढरं, खेळाच्या विमानासारखं काहीतरी आहे, याक-१२ सारखं. रुस्टनेही ते मिग पाहिलं. त्याच्या शेजारी रेंगाळता यावं म्हणून त्या विमानाने चाकं आणि पंखांच्या झडपा खाली सोडल्या होत्या. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी बांधलेलं यंत्र त्या सेसनाच्या जोडीने धड उडूही शकत नव्हतं. ते पुढे निघून गेलं.

यापुढचं मी दोनदा वाचलं. प्स्कोव शहराजवळ त्या दिवशी शिकाऊ वैमानिकांची उड्डाणं चालू होती. नवखी मुलं ओळखीचा संकेत वेळेवर बदलायला विसरत, म्हणून तिथल्या अधिकाऱ्याने त्या टापूतल्या सगळ्या ठिपक्यांना ‘आपलं’ अशी खूण केली. त्यात रुस्टचा ठिपकाही आपला झाला. पुढे तोर्झोकजवळ आदल्या दिवशी विमान अपघात झाला होता आणि बचावाची हेलिकॉप्टरं फिरत होती. संथ चालणारा आणखी एक ठिपका त्यांच्यातलाच धरला गेला. यंत्रणेच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं, आणि प्रत्येकाने समोर असलेल्या माहितीच्या आधारे सर्वांत शहाणा वाटणारा निष्कर्ष काढला. एकही माणूस झोपलेला नव्हता.

मग परवानगी का आली नाही? त्याचं उत्तर चार वर्षं आधीच्या एका रात्रीत आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं एक प्रवासी जंबो विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. साखालिन बेटाजवळ सुखोई-१५ विमानाने ते क्षेपणास्त्राने पाडलं. आत २६९ माणसं होती, कुणीही वाचलं नाही. त्याही आधी, एप्रिल १९७८ मध्ये, कोरियाच्याच दुसऱ्या वाट चुकलेल्या विमानावर मुर्मान्स्कच्या बाजूला क्षेपणास्त्राचा मारा झाला होता. वैमानिकाने ते गोठलेल्या तळ्यावर उतरवलं, तरी दोघे प्रवासी दगावले. १९८३ नंतर जग हादरलं. आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता असल्याचं १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केलं होतं. मे १९८४ मध्ये त्यात नवं कलम घालण्यात आलं: उडत्या नागरी विमानाविरुद्ध शस्त्र वापरायचं नाही. सोव्हिएत सैन्यातही नागरी आणि छोट्या विमानांवर मारा करण्याचे हुकूम कडक झाले, निर्णय वरच्या माणसांकडे गेला.

म्हणजे रुस्ट जिवंत राहिला तो त्या २६९ जणांमुळे. मला या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. हवाई संरक्षणाची यंत्रणा ‘अपयशी ठरली’ असं त्या उन्हाळ्यात जगभर म्हटलं गेलं, आणि लष्करी अर्थाने ते खरंही आहे. पण ती यंत्रणा त्या दुपारी कचरली, आणि त्या कचरण्यात अठरा वर्षांच्या मुलाचा जीव होता. हद्दीचं उल्लंघन शंभर टक्के थांबवणारी यंत्रणा बांधता येईल. जे ओळखता येत नाही ते पाडत सुटायचं, इतकंच. १९८३ मध्ये ती तशीच वागली होती.

हे सगळं जुन्या रडारांच्या काळातलं म्हणून सोडून द्यावं, तर २०२३ साल आठवतं. जानेवारीच्या अखेरीस एक चिनी फुगा अलास्काकडून अमेरिकी आकाशात शिरला, कॅनडावरून फिरला आणि मोंटानावर आल्यावर सामान्य माणसांनी तो जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी पाहिला. उंची साठ हजार फुटांच्या आसपास. अमेरिकेचं त्या वर्षीचं संरक्षणाचं अंदाजपत्रक ८०० अब्ज डॉलरहून अधिक. ४ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे एफ-२२ विमानाने तो पाडला. त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे प्रमुख जनरल ग्लेन व्हॅनहर्क यांनी उघडपणे कबूल केलं की याआधीचे असे फुगे आमच्या यंत्रणेने टिपलेच नव्हते. मला त्या कबुलीबद्दल आदर वाटतो. सेनापतींच्या तोंडून असं सहसा ऐकायला मिळत नाही.

मग त्यांनी काय केलं? नवी रडारं विकत घेतली नाहीत, तेवढा वेळच नव्हता. त्यांनी गाळणीचं भोक लहान केलं, म्हणजे रडारना सांगितलं की संथ वस्तूही दाखवा. आणि आकाश एकाएकी भरून आलं. १०, ११ आणि १२ फेब्रुवारी या लागोपाठच्या तीन दिवसांत अलास्का, कॅनडाचा युकॉन प्रदेश आणि ह्युरॉन सरोवर इथे तीन वस्तू पाडल्या गेल्या. ह्युरॉनवर तर सोडलेलं पहिलं क्षेपणास्त्र चुकलं. असं एकेक क्षेपणास्त्र काही लाख डॉलरचं. चारच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सांगितलं की या तिन्ही वस्तू बहुधा खासगी कंपन्यांच्या, हौशी लोकांच्या किंवा संशोधन संस्थांच्या असाव्यात. त्या आठवड्यात आकाश बदललं नव्हतं. पडद्यावर काय दाखवायचं, एवढंच बदललं होतं.

स्वित्झर्लंडची गोष्ट याहून साधी. १७ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानाच्या सहवैमानिकानेच ते पळवलं आणि जिनिव्हाकडे वळवलं. इटलीची आणि नंतर फ्रान्सची लढाऊ विमानं त्याच्या सोबतीला होती. स्विस विमानं आली नाहीत. स्वित्झर्लंडकडे उत्तम एफ-१८ विमानं होती, पण त्यांची तातडीची सेवा तेव्हा कचेरीच्या वेळेतच चाले. विमानांवर खर्च झाला होता. रात्रपाळीच्या वैमानिकांवर, यंत्र सज्ज ठेवणाऱ्या तंत्रज्ञांवर, इंधनावर झाला नव्हता. पुढे २०२० च्या अखेरीपर्यंत त्यांनी ती सेवा चोवीस तासांची केली. संरक्षण खर्च किती, हा आकडा वाचताना तो कशावर झाला हे विचारायची सवय मला या घटनेने लावली.

आणि एक घटना आपल्या दारातली. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात एका अँतोनोव्ह-२६ मालवाहू विमानातून छत्र्यांनी पेट्या खाली सोडल्या गेल्या. सकाळी गावकऱ्यांना शेतात, माळावर शेकडो एके-४७ बंदुका आणि काडतुसांच्या राशी सापडल्या. हे विमान डोंगरांआड लपत आलं नव्हतं. त्याने वाराणसीला उतरून इंधन भरलं होतं, त्याच्याकडे उड्डाणाची परवानगी होती, मार्ग नोंदवलेला होता. रडारच्या भाषेत तो पूर्ण ओळख पटलेला, कायदेशीर ठिपका होता. शस्त्रं टाकून ते कोलकात्यामार्गे थायलंडला निघून गेलं. चार दिवसांनी तेच विमान परतीच्या वाटेवर चेन्नईहून कराचीकडे निघालं, तेव्हा आपल्या यंत्रणेने ते मुंबईत उतरायला लावलं. त्या धांदलीत त्यातला एक मुख्य संशयित विमानतळावरून निसटलाही. जगातलं सर्वांत महागडं रडारही त्या रात्री पुरुलियावर याहून काही वेगळं दाखवू शकलं नसतं. पेट्यांत काय आहे हे लहरींना कळत नाही. त्यासाठी कुणीतरी कागद तपासावा लागतो, आधीच आलेल्या खबरीवर विश्वास ठेवावा लागतो.

मग खर्चाने उल्लंघनं थांबतात का? इथवर सांगितलेल्या घटनांत चूक होती, साहस होतं, लपवाछपवी होती. पण आज बाल्टिक समुद्राभोवती जे चाललंय, ते याहून वेगळं आहे. तिथे आत येणाऱ्याला आपण दिसणार हे ठाऊक असतं. दिसावं म्हणूनच तो येतो. १९ सप्टेंबर २०२५ रोजी रशियाची तीन मिग-३१ विमानं एस्टोनियाच्या हद्दीत बारा मिनिटं होती, असं एस्टोनियाने सांगितलं. रशियाने ते नाकारलं. समुद्रावर देशाची हवाई हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. ध्वनीच्या वेगाने जाणारं विमान ती मिनिटाभरात पार करतं. त्या हिशेबात बारा मिनिटं म्हणजे बैठक मारणं झालं. नाटोच्या वतीने पहारा देणारी इटलीची एफ-३५ विमानं वर गेली, त्यांनी पाहुण्यांना वाटेला लावलं. एस्टोनियाच्या स्वतःच्या हवाई दलाकडे लढाऊ विमानं नाहीत. २००४ पासून बाल्टिक देशांच्या आकाशावर मित्रदेश आळीपाळीने पहारा देतात.

त्याच महिन्यात, ९ आणि १० तारखेच्या मधल्या रात्री, वीसेक रशियन ड्रोन पोलंडमध्ये घुसले. नाटोमध्ये उत्पन्नाच्या प्रमाणात संरक्षणावर सर्वांत जास्त खर्च करणारा देश त्या वर्षी पोलंडच होता, चार टक्क्यांहून अधिक. त्यातले काही ड्रोन निव्वळ हुलकावणीसाठी बनवलेले, प्लायवूड आणि फोमचे. त्यांच्यावर नेदरलँड्सची एफ-३५ विमानं पाठवावी लागली. समोरच्याने फोमचा तुकडा पाठवून पोलंडकडची उत्तरं मिळवली: कुठलं रडार चालू झालं, किती मिनिटांत विमानं उठली, हुकूम कुणी दिला, मित्रदेश किती जोरात बोलले. खर्चाने घुसखोरी थांबली नाही. तो खर्च नसता तर ते ड्रोन पाडायला कुणी नसतं, हेही तितकंच खरं.

घुसखोरीला धाक बसल्याचं उदाहरण शोधायचं तर तुर्कस्तानकडे जावं लागतं. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी सीरियाच्या सीमेवर रशियाचं सुखोई-२४ तुर्की एफ-१६ ने पाडलं. तुर्कस्तानच्या म्हणण्याप्रमाणे ते हद्दीत होतं सतरा सेकंद. आधी पाच मिनिटांत दहा वेळा इशारा दिला होता. आपण आत गेलोच नव्हतो, असं रशियाचं म्हणणं. एक वैमानिक मारला गेला. दोन देशांचा व्यापार कोलमडला, रशियाने सीरियात नवी क्षेपणास्त्रं आणून बसवली, आणि काही दिवस सगळं जग श्वास रोखून होतं. त्या दिवशी वापरलेली विमानं आणि क्षेपणास्त्रं तुर्कस्तानकडे त्याआधीही होतीच, आणि त्याआधीच्या आठवड्यांत घुसखोरीच्या तक्रारीही झाल्या होत्या. नवा होता तो गोळी झाडण्याचा निर्धार, आणि तो कुठल्याही कारखान्यात बनत नाही. त्याची किंमतही आधी कळत नाही. म्हणून मला सतरा सेकंदांचं ते उत्तर अनुकरणीय वाटत नाही. एस्टोनियाच्या आकाशातली ती बारा संयमी मिनिटं मला जास्त अवघड आणि जास्त मोलाची वाटतात.

रुस्टवर सप्टेंबर १९८७ मध्ये खटला चालला. सीमा ओलांडणं, हवाई नियम मोडणं आणि गुंडगिरी या गुन्ह्यांसाठी चार वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट १९८८ मध्ये त्याला सोडून देण्यात आलं. तो उतरला तेव्हा सोव्हिएत नेते गोर्बाचेव पूर्व बर्लिनमध्ये मित्रराष्ट्रांच्या बैठकीला गेले होते. परतल्यावर त्यांनी संरक्षणमंत्री सोकोलोव यांना हटवलं, सैन्यातल्या कडव्या विरोधकांना बाजूला सारायची आयती संधी साधली. हवाई संरक्षणाचे सरसेनापती अलेक्सांद्र कोल्दुनोव यांनाही जावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शत्रूची ४६ विमानं पाडली होती, सोव्हिएत संघाचा वीर हा किताब दोनदा मिळवला होता. त्यांचं पद गेलं ते न पाडलेल्या एका विमानापायी.

ते विमान आज बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. रुस्ट उतरला त्या पुलावर ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा आडव्या असत. त्यातल्या काही त्या दिवशी सकाळीच दुरुस्तीसाठी काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या परत बसवल्या गेल्या.